पेपरवरचं कव्हर

आमच्या घरमालकांच्या पिशवीत कोणती भाजी आहे, हे नागपूरच्या प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत कुणाला कधी कळलं नाही. बाजारातून येताना पिशवीच्या तोंडावर त्यांचा दुपट्टा पसरलेला असायचा. समोरच्या वहिनी फाटकात उभ्याच असायच्या. त्या विचारायच्या, "काय आणलं काका आज?" काका थांबायचे, नम्रपणे मान हलवायचे आणि म्हणायचे, "भाजी." "कोणती?" "हिरवी." एकदा दुपट्ट्याखालून चांगला लालभडक टमाटा घरंगळून वहिनींच्या पायाशी गेला. काकांनी तो उचलला, पुसला, पिशवीत टाकला आणि तरीही हिरवीच म्हणाले.

मी लग्न होऊन त्यांच्या माडीवर राहायला आले ती ऐंशी सालच्या आसपास. मी वर्ध्याची, आणि बोलकी. माणसांच्या भानगडी मला मनापासून आवडतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. अशा बाईला नेमके हे घरमालक मिळावेत, याला नशीब म्हणतात. दारावर नावाची पाटी नव्हती. "ज्याले यायचं आहे त्याले घर माहीत असते, अन् ज्याले माहीत नाही त्याले कायले सांगायचं?" मी माहेरी पोस्टकार्ड लिहायला बसले की ते जिन्यातूनच हळहळायचे. "उघडं पत्र नका लिहू बाई. इथून वर्ध्यापर्यंत किती हातांतून जाईन ते." पण मी काय लिहितेय याकडे त्यांनी कधी चुकूनही पाहिलं नाही. जिना चढताना तर ते तळापासून खोकत यायचे. आम्ही काही करत असलो तर आवरून घ्यावं म्हणून.

रोज सकाळी ओट्यावर बसून ते पेपर वाचायचे, आणि त्या पेपरला कव्हर असायचं. पोरांच्या वह्यांना घालतात तसं, खाकी कागदाचं. ते रोज नव्या पेपरला चढवायचे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला काका कोणता पेपर वाचतात आणि त्यातलं कोणतं पान, याचा पत्ता लागू नये. त्याआधी घराच्या खिडक्या लावून ते आत काहीतरी पुटपुटायचे. गल्लीचं मत पडलं होतं की ते स्तोत्र म्हणतात. कोणतं, ते अर्थातच माहीत नव्हतं.

नव्या नवलाईचे दिवस संपले आणि माझी नि नवऱ्याची भांडणं सुरू झाली. मला आवाज आवरत नाही, त्यालाही नाही. पण आमचा आवाज चढला की खाली रेडिओचा आवाज चढायचा. आधी मला वाटलं, वैतागून करतात. रागही आला. मग एकदा भांडण मध्येच थांबलं, तर रेडिओही खाली आला. तेव्हा लक्षात आलं की आपल्याला ऐकू येत नाहीये, हे काका आम्हाला कळवत होते. इतकी सभ्य माणसं मी फार पाहिली नाहीत. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले की हवापाण्याचं बोलायचे, तेही जपून.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. काका सदर भागातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉलच्या बोर्डावर होते. त्या काळी परगावी फोन करायचा तर नंबर नोंदवून वाट पाहायची. मग मध्ये बसलेला माणूस लाइन जोडून द्यायचा, आणि ती नीट लागली का हे पाहायला त्याला कान लावावाच लागायचा. काकांनी उभी नोकरी अशी लोकांच्या बोलण्याच्या मधोमध बसून काढली. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा बाप गेला, कोण कुणाला फसवून राहिला, सगळं त्यांच्या कानावरून गेलं आणि तिथंच राहिलं. एकदा एका बड्या व्यापाऱ्यानं दुसऱ्याचं मुंबईशी काय बोलणं झालं ते काढायला घरी संत्र्याच्या बर्फीचा डबा पाठवला. काकांनी डबा न उघडता परत केला आणि निरोप दिला, "लाइन खराब होती, काही ऐकू नाही आलं." ही हकिगत मला काकूंनी सांगितली. त्यांना ती बर्फी अजून आठवत होती.

रिटायर झाल्यावरही ती लाइन काही दुरुस्त झाली नाही. मी समोर बसून विचारायची, "काका, तुमचं लग्न कसं जमलं हो?" ते शांतपणे म्हणायचे, "लाइन खराब आहे बाई."

काकू मात्र माझ्या गोतातल्या होत्या. उमरेडच्या विणकराची लेक, कमी बोलणाऱ्या, पण ऐकायला एक नंबर. त्यांना मूलबाळ नव्हतं. शिवणापुरता लागणारा चष्मा होता, आणि तो नेहमी घरी राहायचा. कुणी लग्नपत्रिका हातात दिली की काकू म्हणायच्या, "चष्मा घरी राहिला वं, तूच वाच." बायका वाचायच्या. मोठ्या ऑफिसातल्या बाबूंची बायको म्हणून गल्लीत त्यांना मान होता. कुठलीही गोष्ट ठरवायची तर आधी काकूंना विचारायचे.

तर अशा या गल्लीत एक दिवस वाचनवाले भाऊ आले.

सायकलच्या दोन्ही बाजूंना कॅनव्हासच्या थैल्या आणि त्यांत मासिकंच मासिकं. पैसे घेऊन मासिकं घरपोच देणारे पुष्कळ होते, पण हे भाऊ फुकट देत होते. "फुकट आहे ताई. तुमी फक्त आवड सांगा. जसजसं वाचाल तसतसा गठ्ठा तुमच्या मनासारखा होत जाईन." घरात कोण कोण, कुणाचं वय काय, आधी कोणतं पान उघडता, असं सगळं ते हसतहसत विचारायचे. आठवड्यानं यायचे, जुना गठ्ठा न्यायचे, नवा द्यायचे, आणि खरंच तो दर वेळी जास्त आपला वाटायचा. "मागच्या वेळी तुमी हे पान दुमडलं होतं ना, म्हणून यावेळी अजून दोन तसेच आणले." मी तर हरखून गेले. नवऱ्याला माझ्या आवडीनिवडी समजायला दोन वर्षं लागली होती, या भाऊंना दोन गठ्ठे पुरले.

काकांच्या फाटकाशीही ते थांबले. मी वरून पाहत होते.

"पैसे कोण देते याचे?" काकांनी विचारलं.

"आमचे मालक देतात. सदरले दुकान आहे."

"मालकाले काय मिळते?"

"लोकांनी वाचावं, बस."

"बरे आहेत मालक," असं म्हणून काकांनी फाटक लावून घेतलं. मी खाली आले तेव्हा म्हणाले, "देऊन काय राहिला ते सगळेच पाहतात बाई. घेऊन काय राहिला ते पाहा."

"काहीच तर घेत नाही काका."

"मग इतके प्रश्न कायले विचारून राहिला? पान दुमडलेलं दिसलं त्याले. अजून काय काय दिसत असन?"

मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याला जिथे तिथे बोर्ड दिसतो.

मे महिना आला. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांना पाणी मारून हात भरून आले होते. भर दुपारी दार वाजलं, उघडलं तर एक माणूस लोकरीचे गुंडे घेऊन उभा. म्हणे, ताई, तुम्हाला विणकामाची आवड आहे ना? नागपूरच्या उन्हाळ्यात लोकरीकडे नुसतं पाहूनच मला घाम फुटला. मी विणकामाचं पान दुमडलं होतं ते त्याच्या मागच्या बाजूच्या लोणच्यासाठी. समोरच्या वहिनींकडे चूर्णवाला आला आणि दारातूनच विचारता झाला, "जळजळ कशी आहे आता वहिनी?" वहिनी पोटाच्या तक्रारींचं सदर आवडीनं वाचायच्या. त्यांना राग नाही आला. उलट कौतुकच वाटलं. "बाप्पा, परक्या माणसाले किती काळजी!"

काका गुरुवारी दुपारी सदरला जुन्या सोबत्यांकडे चहाला जायचे. अशाच एका गुरुवारी काकूंनी खालून हाक मारली. मी गेले तर त्यांनी दार लावलं, तांदळाच्या कोठीचं झाकण काढलं आणि आतून गठ्ठा काढला. काकांच्या पाठीमागे त्यांनीही भाऊंकडे नाव लावलं होतं. सगळी लहान मुलांची मासिकं होती, रंगीत, मोठ्या चित्रांची.

त्यांनी एका पानावर बोट ठेवलं. "हे माकड काय म्हणून राहिलं वं?"

"लिहिलंय की खाली, काकू."

"लिहिलं आहे ते दिसते मले. काय लिहिलं ते सांग."

मी त्यांच्याकडे पाहिलं. चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

"आमच्या उमरेडले पोट्ट्यांनी शाळेत गेल्यावर कांड्या कोण भरन?" त्या म्हणाल्या. मागावर लुगडं विणायला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरण्यात त्यांचं बालपण गेलं होतं. "लग्न झाल्यावर यायनं, तुझ्या काकायनं, पाटी आणली होती. सासूबाई हासल्या. मी ती पाटी उतरंडीमागं ठेवली, ते ठेवलीच." मग म्हणाल्या, "गल्लीत सगळ्या बायांच्या घरी गठ्ठा येते. माझ्याच घरी नाही आला तर विचारतीन काहून म्हणून. त्या भाऊनं आवड विचारली, मी म्हटलं, चित्रं असली का बरं वाटते. तो चित्रं वाढवतच गेला." त्यांनी माझा हात धरला. "यायच्याशिवाय कोणाले माहीत नाही वं. आता या वयात हसं नको. सांगू नको."

"काय सांगू नको, काकू? लाइन खराब होती," मी म्हटलं. काकू हसल्या, पण हात सोडला नाही.

तेव्हा मला ते सकाळचं स्तोत्र उमगलं. खिडक्या लावून काका त्यांना पेपर वाचून दाखवत होते. म्हणून काकूंना जगातलं सगळं माहीत असायचं आणि म्हणूनच गल्लीला कधी शंका आली नाही. इतकी वर्षं हा माणूस भाजी झाकायचा, पेपर झाकायचा, सगळंच झाकायचा. त्यातलं किती स्वभावानं आणि किती बायकोसाठी, हे मला आजही सांगता येणार नाही. मला त्या दिवशी काका फार आवडले.

आणि पुढच्याच आठवड्यात ते घडलं. संध्याकाळची वेळ, बायका ओट्याओट्यावर बसलेल्या. काकू पोहे निवडत होत्या, मी शेजारी. एक टाय लावलेला तरुण फाटक उघडून आत आला. हातात बाळाच्या दुधाच्या पावडरचा डबा होता. ठणठणीत आवाजात म्हणाला, "नमस्कार! हा नमुन्याचा डबा, फुकट आहे. आपल्याकडचं बाळ किती महिन्यांचं झालं?"

काकूंचा हात सुपातच राहिला.

"कोणाचं बाळ?" मी विचारलं.

"याच घरी लहान मुलांची मासिकं येतात ना? पत्ता बरोबर आहे."

समोरच्या वहिनी तोवर फाटकाशी आल्या होत्या. बाई मनानं वाईट नाही, पण जिभेला कुंपण नाही. "हव ना काकू, मीबी विचारणारच होती. त्या दिवशी भाऊच्या थैलीत तुमचा गठ्ठा पाहिला. लेकराची पुस्तकं कोणासाठी येतात? दत्तक घेऊन राहिल्या का?" मागून आणखी दोघीतिघी आल्या. त्यांच्या नजरेत कीव होती. हिला या वयातही मुलाची आस सुटली नाही, असं त्या समजून बसल्या होत्या.

काकूंपुढे दोनच वाटा होत्या. मला वाचता येत नाही म्हणायचं, नाहीतर ही खोटी, जिव्हारी लागणारी गोष्ट गल्लीभर फिरू द्यायची.

तेवढ्यात काका आले. पिशवी, तिच्यावर दुपट्टा. त्यांनी डबा पाहिला, काकूंचं तोंड पाहिलं. वहिनींनी त्यांनाही विचारलं, "काका, लेकराची पुस्तकं कोणासाठी हो?"

त्या गल्लीत काकांनी आजवर एकाही प्रश्नाला सरळ उत्तर दिलं नव्हतं. लाइन खराब आहे म्हणतील, असंच मला वाटलं. काकांनी पिशवी खाली ठेवली.

"माझी आहेत," ते म्हणाले. "मीच वाचतो."

"तुमी? माकडाच्या गोष्टी?"

"मग? रिटायर माणूस आहो. लहानपणी राहून गेल्या होत्या. मीच हिले म्हटलं, तुझ्या नावानं लाव, मले लाज वाटते."

मग वहिनींना असं काही हसू आलं की फाटक धरावं लागलं. बाकीच्याही हसल्या. आपण काय वाचतो हे काकांनी गल्लीला पहिल्यांदाच सांगितलं होतं, आणि ते खोटं होतं. काकूंनी मान खाली घालून पुन्हा पोहे निवडायला घेतले.

काकांनी त्या टायवाल्याला बाजूला घेऊन विचारलं, "तुले हा पत्ता कोणी देला गा?" त्यानं सांगून टाकलं. वाचनवाल्यांच्या दुकानातून मिळतात, म्हणे. लहान मुलांची मासिकं जातात ती घरं आमची, लोकरीची दुसऱ्याची, चूर्णाची तिसऱ्याची. त्यात काही चूक आहे असं त्या बिचाऱ्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

भाऊ पुढच्या खेपेला आले तेव्हा काकांनी त्यांना ओट्यावर बसवलं. चहा मीच नेला, त्यामुळे ऐकणं भाग होतं.

"माझं काय चुकलं काका?" भाऊ म्हणत होते. "ज्याले जे पाहिजे ते त्याच्या दारात जाते. चांगलंच आहे ना?"

"कोणाले काय पाहिजे, तुले काय माहीत?"

"गठ्ठ्यावरून समजते."

"गठ्ठ्यावरून तुले माझ्या घरात लेकरू दिसलं," काका म्हणाले.

भाऊंनी कप खाली ठेवला.

"मले तर बोर्डावर सगळंच ऐकू येत होतं गा. कोणाचं दुखून राहिलं, कोणाले कायची गरज आहे. मी नाही गेलो कोणाच्या दारात." काकांचा आवाज चढला नव्हता. "चहा पी. अन् माझ्या घराचं नाव काढून टाक."

भाऊ चहा पिऊन गेले. माणूस वाईट नव्हता. नंतर त्यांनी दारोदारचे प्रश्न बंद केले आणि हळूहळू गठ्ठे पुन्हा सगळ्यांचे सारखे झाले. गल्लीचं म्हणाल तर काही फार बिघडलं नाही. एकदोघींनी नाव काढलं, बाकीच्यांनी चालू ठेवलं. वहिनी म्हणाल्या, चूर्ण चांगलं आहे. मी तत्त्वानं बंद केलं, आणि लोणच्याच्या पानासाठी वहिनींचा गठ्ठा मागून आणायला लागले.

पण काकांपुढे पेच होता. खोटं बोलले होते, आता ते निभवायला हवं. ते सदरला गेले आणि पैसे मोजून लहान मुलांचं मासिक घेऊन आले. संध्याकाळी ओट्यावर बसले, कव्हर न घालता. सगळ्या गल्लीला माकड दिसत होतं. आणि मोठ्यानं वाचू लागले. एकेका शब्दाखाली बोट ठेवून, सावकाश. गल्ली हसून लोटपोट झाली. पोट्टे तर गोलच करून बसायचे. काकांना 'बालवाडी काका' हे नाव पडलं. टमाट्याला हिरवी भाजी म्हणणारा हा माणूस रोज संध्याकाळी उघड्यावर बसून स्वतःचं हसं करून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचा.

"इतकं हळू काहून वाचता हो?" वहिनी चिडवायच्या.

"मले समजत नाही लवकर," काका म्हणायचे.

काकू शेजारी लसूण सोलत, नाहीतर वाती वळत बसलेल्या असायच्या. चष्मा नाकावर. वरून माझ्या लक्षात यायला बरेच दिवस लागले. काकांचं बोट पुढं सरकायचं तसे काकूंचे डोळे सरकायचे, आणि ओठ जरासे हलायचे. घरात खिडक्या लावून जे इतक्या वर्षांत जमलं नाही, ते सगळ्यांच्या देखत चाललं होतं, आणि कुणीही पाहत नव्हतं. सगळे काकांना हसण्यात गुंतले होते. मी कठड्याशी उभी राहून रडले. नवऱ्यानं विचारलं काय झालं, तर म्हटलं कांदा.

पुढच्या वर्षी वहिनींच्या भाचीचं लग्न निघालं. वहिनी पत्रिका घेऊन आल्या आणि सवयीनं काकूंच्या हातात देऊन, परत घेऊन वाचायला हात पुढं केला. काकूंनी पत्रिका सोडली नाही. जरा लांब धरली. "उमरेडलेच आहे वाटते लग्न," त्या म्हणाल्या. "दुपारचं आहे. जेवण गरम मिळन." वहिनी हो म्हणाल्या आणि साड्यांचं बोलू लागल्या. त्यांना काहीच वेगळं दिसलं नाही. काका आत होते. त्यांनी रेडिओ लावला, उगाचच, मोठ्यानं.

नंतर नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही नागपूर सोडलं. पुन्हा गेले तोवर बरीच वर्षं उलटली होती. कोपऱ्यावर परगावी फोन लावायची काचेची खोली झाली होती. नंबर आपणच फिरवायचा, मध्ये कुणी नाही. काकांना मी म्हटलं, आता तर बरं झालं ना? ते म्हणाले, "काच आहे बाई. ओठ दिसतात." दारावर पाटी अजूनही नव्हती.

मी गेले तेव्हा सकाळ होती. काकू एकट्याच ओट्यावर बसल्या होत्या, डोळ्यांना चष्मा आणि हातात पेपर. पेपरला खाकी कागदाचं कव्हर होतं, कडा नीट दुमडलेल्या, काकांच्यापेक्षा सुबक. मी पाया पडले, शेजारी टेकले आणि वाकून पाहायचा प्रयत्न केला.

"काय वाचून राहिल्या काकू?"

त्यांनी पेपर अलगद छातीशी घेतला. "काहून वं?"

आतून काकांचा आवाज आला, "विचारू नका बाई. मलेबी नाही सांगत." इतक्या सुखानं बोललेलं काकांचं एकही वाक्य मला त्याआधीचं आठवत नाही.